ओरेलकाकांचा गार हात

मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता, आमच्या गावच्या रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, ओडिल गोन्या या बाईंनी आपल्या नवऱ्याला शहरातल्या अतिदक्षता विभागात हलवायला नकार दिला. नवऱ्याचं नाव लेऑन्स. वय चौऱ्याहत्तर, धंदा घोड्यांच्या पैदाशीचा, आजार फ्लू आणि फ्लूतून झालेला न्यूमोनिया. लेऑन्स स्वतः काही ठरवण्याच्या स्थितीत नव्हते, त्यामुळे शब्द बायकोचाच चालणार होता. नकाराचं कारण त्यांनी एका वाक्यात दिलं.

"ओरेलकाकांचा हात गार राहिला."

डॉक्टर नोएमी शेत्ला यांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कुणाचा हात?"

"ओरेल व्हेरमेय. समोरच्या कॅफेत बसतात ते. काल त्यांनी लेऑन्ससाठी हात धरला. तापला नाही. मग कशाला घशात नळी घालून परक्या गावात न्यायचं? जायचंच आहे तर माझ्यासमोर जाऊ देत."

त्यांची मुलगी सोलांज शेजारीच उभी होती. घड्याळांच्या कारखान्यात भिंगाखाली काम करणारी ही मुलगी एरवी आवाज चढवत नाही. त्या दिवशी तिने व्हरांड्यातूनच आमच्या दैनिकाला फोन लावला.

"या आणि छापा," ती म्हणाली. "एक म्हातारा कॉफी पीत पीत माझ्या बापाला मारतोय."

मी आधी कॅफेत गेलो.

जुराच्या या डोंगरात गुपितवाले कुणाला नवे नाहीत. प्रत्येक खोऱ्यात दोन-चार असतातच. आजोबांकडून किंवा एखाद्या आत्याकडून चालत आलेली छोटीशी प्रार्थना त्यांच्याकडे असते, ती मनात म्हणायची, की भाजलेल्या जागेची आग थांबते आणि वाहणारं रक्त थांबतं, असा समज. पैसे घ्यायचे नाहीत, आणि ज्याच्यासाठी म्हटलं त्याने आभार मानायचे नाहीत. मानले तर गुण जातो. रुग्णालयातल्या नर्सनाही त्यांचे नंबर पाठ असतात. कुणी पोळून आला, की मलम लावता लावता एक जण फोन फिरवते. डॉक्टर कानाडोळा करतात. मलम लावलेलं असतंच, मग कुणाचं काय बिघडतं?

ओरेल व्हेरमेय असेच एक. चाळीस वर्षं भाजलं-कापलं एवढंच बघायचे. या जानेवारीत फ्लूची लाट आली, रुग्णालय भरलं, आणि ओरेलकाकांच्या डाव्या हाताला नवीन विद्या आली. आजाऱ्याचं नाव घेऊन हात टेबलावर पालथा धरायचा. तापला तर माणूस वाचणार. गार राहिला तर नाही. खोऱ्याच्या रेडिओवर मुलाखत झाली आणि त्या दिवसापासून कॅफेतलं खिडकीजवळचं टेबल त्यांचं झालं.

मी पोचलो तेव्हा आत उभं राहायला जागा नव्हती. ओल्या लोकरी कोटांचा वास, काचांवर वाफ. जो तो आपल्या पाळीची वाट बघत होता आणि पुढच्याचं काय निघतं ते कान देऊन ऐकत होता.

"काका, माझ्या सासूचं बघा ना," ट्रकवाल्याची बायको म्हणाली.

"नाव? जन्मतारीख?" ओरेलकाकांनी डोळे मिटले. पांढऱ्या मिशा हलल्या. "शू! हात ऐकतोय... आला. आला बघ. नुसता तापला नाही, चटका बसला! सासू उन्हाळ्यात गवत कापायला उभी राहील."

"अरे देवा," ती म्हणाली. मागे हशा पिकला.

"आता आभार मानायचे नाहीत हं."

"नाही मानत, काका. मुळीच नाही मानत."

ओरेलकाकाही मिशीत हसले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "उजवा हात माझा. तो कॉफी ढवळतो, फोन उचलतो, बायको होती तेव्हा तिचा मार चुकवायचा. डावा माझा नाही. तो वरून चालतो. मी फक्त त्याला टेबल देतो."

मी ओळख सांगितली आणि विचारलं, "हात कधी चुकला का?"

"हात नाही चुकत, पेपरवाले. माणसं चुकतात."

"गेल्या आठवड्यात पोस्टातल्या बाईंचा गार निघाला होता म्हणे. त्या चालत घरी गेल्या."

"जाणारच. रात्र रात्र बसून मी गुपित म्हटलं. ओढून आणली तिला."

"आणि सुताराचा तापला होता. तो गेला."

ओरेलकाकांनी मान हलवली. "घरच्यांनी आभार मानले ना. फोनवर, 'मेर्सी' म्हणाले. मी ओरडलो, नका, नका! पण उशीर झाला होता."

कॅफेत सगळ्यांनी समजल्यासारख्या माना डोलावल्या. मी लिहून घेतलं. गार म्हटलेला वाचला तर काकांची कमाल, तापलेला मेला तर घरच्यांची चूक. असा हात हरणार तरी कधी?

पण एका गोष्टीने मीही अडखळलो. ओडिलबाई सोमवारी कॅफेत आल्या तेव्हा त्यांनी तोंड उघडायच्या आधीच ओरेलकाका म्हणाले होते, "घोडेवाला लेऑन्स ना? दोन शब्दांनंतर त्याचा श्वास तुटतो." हे ऐकणारे पाच-सहा जण होते आणि मी त्यांना वेगवेगळं विचारलं. सगळे तेच सांगत होते. बाईंनी आजाराचं कुणाला सांगितलं नव्हतं. मग याला कसं कळलं?

रुग्णालयात परतलो तेव्हा डॉक्टर शेत्ला याच प्रश्नापाशी येऊन थांबल्या होत्या. समोर वॉर्डाच्या मुख्य नर्स मार्लीझ काडुफ. वीस वर्षांची नोकरी, स्वभावाने मऊ. सोलांज बाजूला भिंतीला टेकून उभी.

"मार्लीझ, तू त्यांना फोन केला होतास?"

"रविवारी. लेऑन्स फार तडफडत होते. म्हटलं, थोडा आराम पडेल." मग घाईने, "नेहमीसारखाच, डॉक्टर. मी फक्त नाव दिलं."

"फक्त नाव?"

"आणि जन्मतारीख. ती लागतेच."

"मग ते काय म्हणाले?"

"म्हणाले, श्वास कसा आहे. त्यांना श्वास पकडायला लागतो ना."

"तू काय सांगितलंस?"

"की दोन शब्दांत तुटतो."

"अजून काय विचारलं?"

मार्लीझचा चेहरा आता बदलत होता. "विचारलं, माणसं ओळखतात का. मी म्हटलं, मला ते त्यांची बहीण समजतात."

डॉक्टर शेत्ला खुर्चीवर बसल्या. "वय, श्वास, भान," त्या म्हणाल्या. "न्यूमोनियाचा माणूस दाखल झाला की आम्ही पाच गोष्टी बघतो. वय, श्वासाची गती, भान, रक्तदाब आणि रक्तातला युरिया. त्यावरून धोका किती ते ठरतं. त्यांना यातल्या तीन गोष्टी तू फोनवर देतेस. चौथी तुझ्या आवाजातून मिळते."

"माझ्या आवाजातून?"

"तू वीस वर्षं माणसं बघतेयस, बाई. ज्याच्याबद्दल तुला भीती वाटते त्याच्यासाठीच तू फोन करतेस. कुणासाठी तुझा आवाज कसा लागतो हे तुला कळतही नाही. त्याला कळतं."

"म्हणजे तो लबाड आहे?" सोलांजने विचारलं.

"माहीत नाही. कदाचित त्याला खरंच वाटत असेल की हात बोलतो. आणि ही चूक एकट्या त्याची नाही. फोन आमच्याच वॉर्डातून जात होता."

मी विचारलं, या हातामुळे नकार देणारं हे पहिलंच घर आहे का?

"तिसरं," डॉक्टर म्हणाल्या. "आधीच्या दोघांनाही शहरात न्यायला हवं होतं. घरच्यांनी नेऊ दिलं नाही. ते गेले. नेलं असतं तर वाचले असते का, मी सांगू शकत नाही. आता कुणीच सांगू शकणार नाही. पण समोरच्या कॅफेत ती दोन अचूक भाकितं म्हणून जमा आहेत."

खाटेवर लेऑन्स ऑक्सिजनच्या मास्कमधून हवा ओढत होते. डॉक्टरांचा अंदाज होता, संध्याकाळपर्यंत थांबलं तर ते रस्ता झेपू शकणार नाहीत. धुकं असल्यामुळे हेलिकॉप्टर उडत नव्हतं. बर्फातून घाट उतरायचा, तोही दिवसाउजेडी.

"आईला जाऊन हे सगळं सांगा की," सोलांज म्हणाली.

"सांगितलं. त्या म्हणाल्या, डॉक्टरांना ओरेलचा हेवा वाटतो."

मार्लीझ म्हणाली, "त्यांना सांगून पटणार नाही. दिसायला हवं. मी फोन करते."

पुढचं त्या तिघींनी माझ्यासमोर ठरवलं. फोनवर काय बोलायचं ते मार्लीझने दोनदा म्हणून बघितलं. दुसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज फुटला. मी तेव्हा ते थकव्यावर घातलं.

बाराच्या सुमाराला सोलांजने आईला कॅफेत आणलं. "एक कॉफी पी, आई. एवढंच. मग तू म्हणशील तसं." डॉक्टर शेत्ला पांढरा कोट काढून कोपऱ्यात बसल्या. खिडकीपासून दुसऱ्या टेबलावर एक उंच म्हातारा तोएचे, म्हणजे आमच्याकडचा आंबट सायीचा केक, मन लावून खात होता. मधल्या गर्दीतून एखाद-दुसरा त्याच्याकडे बघे. ओळखीचा नव्हता, म्हणून नजर पुढे जाई.

फोन वाजला. ओरेलकाकांनी उजव्या हाताने उचलला. "बोल, मार्लीझ... हं. नाव? बाझिल मोनरा. जन्म त्रेचाळीस... हं. श्वास कसा आहे?" ते ऐकत राहिले. "एकेका शब्दाला? हं. ओळखतात का कुणाला? नाही. बरं."

फोन ठेवला. डावा हात टेबलावर पालथा झाला. कॉफीचं यंत्र चालवणाऱ्याने यंत्र बंद केलं.

"गार," ओरेलकाका म्हणाले. "झऱ्यात घातल्यासारखा. बाझिल मोनरा. कुणाचे कोण असतील ते असोत, उद्याची सकाळ बघणार नाहीत."

एका बाईने छातीवर क्रूस काढला. ओडिलबाईंनी मुलीचा हात घट्ट धरला.

पाच-सात मिनिटांनी पुन्हा फोन. या वेळी ओरेलकाकांचा चेहरा सुरुवातीपासून सैल. "हसतेयस काय गं? ...रेटो. आडनाव नको, नुसतं रेटो चालेल. जन्म एकोणसत्तर. तरुणच की! श्वास? गप्पा मारतोय? सूप मागितलं?" ते खुशीत आले. हात ठेवला, लगेच उचलला. "तापला! रविवारी हा आपल्या पायांनी घरी."

लोकांनी सुस्कारा टाकला. कुणीतरी टाळी वाजवली.

तेव्हा तोएचे खाणारा म्हातारा उठला. तोंड पुसलं. "माफ करा," तो म्हणाला. "मी बाझिल मोनरा. जन्म त्रेचाळीसचा. डॉक्टर शेत्ला माझी भाची, आठवडाभर तिच्याकडे राहायला आलोय. तळ्यावरची बोट चालवायचो, अजून जिना चढतो. उद्या सकाळपर्यंत वेळ आहे म्हणता, तर केकचा अजून एक तुकडा मिळेल का?"

मग मागे कुठेतरी एकाला हसू फुटलं आणि ते वाढत गेलं. ओरेलकाका हसले नाहीत.

"हे खोटं आहे," ते म्हणाले. "फसवलं तुम्ही. खोटं विचारलं, म्हणून हाताने खोटं सांगितलं."

"नाव खरं होतं, काका," डॉक्टर कोपऱ्यातून उठत म्हणाल्या. "जन्मतारीख खरी होती. हाताला तेवढंच लागतं, तुम्हीच सांगता. खोटा होता तो फक्त आवाज आणि श्वासाचं वर्णन. तुम्ही उत्तर कशावरून दिलंत बघा."

"आणि दुसरा? तो तर तापला! तो वाचेल, बघा तुम्ही!"

दार उघडलं. मार्लीझ रस्ता ओलांडून आली होती, कोटही न घालता, केसांवर बर्फ. तिने ओरेलकाकांकडे नाही, ओडिलबाईंकडे बघितलं.

"रेटो माझा नवरा," ती म्हणाली. "पाच वर्षं झाली त्याला जाऊन. त्याच्या गावी पुरलंय, तिकडे पूर्वेला. मी आनंदाने बोलले, म्हणून काकांचा हात तापला. तुमच्या लेऑन्सचं सांगताना मला रडू येत होतं, म्हणून तो गार राहिला. ओडिल, तो हात माझाच होता हो. माझ्या भीतीवरून तुम्ही त्यांना मरायला ठेवू नका."



"गुपिताची थट्टा केलीत तुम्ही," ओरेलकाका म्हणाले. आता त्यांचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता. "चाळीस वर्षं मी कुणाकडून एक फ्रँक घेतला नाही."

"ते कुणी म्हणत नाहीये, काका," मार्लीझ म्हणाली.

ट्रकवाल्याच्या बायकोने मात्र विचारलं. "मग माझ्या सासूचं काय? ते खरं की खोटं?"

ओडिलबाईंनी कॉफीला हात लावला नव्हता. त्या डॉक्टरांकडे वळल्या. "तुमचा तो पाच गोष्टींचा हिशोब. त्यात लेऑन्सचं काय निघतं?"

"लेऑन्ससारखे शंभर जण असले तर साधारण तीस जातात. सत्तर राहतात."

"आणि लेऑन्स कुठल्यात?"

"मला माहीत नाही."

"म्हणजे तुम्हालाही कळत नाही."

"नाही कळत. तो हिशोब गर्दीचा आहे, ओडिल. कुणाकडे आधी धावायचं, कुणाला मोठ्या रुग्णालयात न्यायचं, एवढ्यासाठी आहे. एका माणसाचा शेवट त्यात लिहिलेला नसतो."

"ओरेल तर म्हणाले, त्यांना कळतं."

"म्हणूनच त्यांचं ऐकू नका."

ओडिलबाईंनी समोरच्या रुग्णालयाच्या खिडक्यांकडे बघितलं. "नळी घालताना दुखतं का?"

"झोपवून घालतात. कळत नाही."

"तो उठल्यावर माझ्यावर चिडेल. शहर त्याला अजिबात आवडत नाही." मग मुलीला, "सोलांज, त्याचा लोकरी सदरा घे. निळा."

दीड वाजता रुग्णवाहिका निघाली.

मी तिथेच थांबलो, कारण बातमी अजून संपली नव्हती. तीनच्या सुमाराला खिडकीजवळच्या टेबलाशी दोन कुटुंबं पुन्हा उभी होती. मी एका गृहस्थाला विचारलं, दुपारचं ऐकलं नाही का? तो म्हणाला, "ऐकलं की. डॉक्टरांनी फसवलं त्यांना. गुपिताला खोटं बोललेलं चालत नाही." ओरेलकाका डोळे मिटून बसले होते. हात टेबलावर होता. तो गार होता की गरम, ते त्यांनी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही.

रुग्णालयाने बुधवारी नियम काढला: वॉर्डातून बाहेर असे फोन करायचे नाहीत, भाजल्याचेही नाहीत. नर्सपैकी काहींना त्याचा राग आलेला आहे. त्यांचं म्हणणं, इतकी वर्षं कुणाचं बिघडलं होतं?

बिघडत नव्हतं, कारण भाजलेल्याला मलम कुणी नाकारत नव्हतं. फ्लूच्या वॉर्डात नाकारू लागले. एवढाच फरक, आणि तेवढ्याने दोन माणसांना उपचाराची संधी मिळाली नाही. ज्यांचे नातेवाईक आत्ता वर दुसऱ्या मजल्यावर आहेत त्यांना एवढंच सांगणं आहे. कुणी तुमच्या माणसाबद्दल न सांगता काही ओळखलं, तर चकित व्हायच्या आधी विचारा, त्याला आधी कोण काय बोललं. आधीची भाकितं कशी खरी ठरली हे सांगत असेल, तर चुकलेल्यांचं काय झालं तेही विचारा. आणि माणूस जाणार असं ऐकून औषध थांबवायचं असेल, तर मग ते भाकीत खरं करणारे तुम्हीच असता. डॉक्टर शेत्ला म्हणाल्या तसं, 'माहीत नाही' हे उत्तर ऐकायला जड असतं. पण त्या उत्तरावर उपचार चालू राहतात.

शहरातल्या रुग्णालयाकडून मिळालेली ताजी माहिती शुक्रवारी दुपारची आहे. लेऑन्स गोन्या कृत्रिम श्वासावर आहेत, त्यांना झोपवून ठेवलेलं आहे. ताप उतरलेला नाही. मूत्रपिंडं चालू आहेत. नळी कधी काढता येईल, किंवा येईल की नाही, ते डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. ओडिलबाई तिथेच आहेत.